चार्ज घेतला म्हणा

"घेतला म्हणा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मान हलवली ना मी."

"मान काय, पंख्याखाली कॅलेंडरसुद्धा हलवतं. तोंडानं म्हणा. पेशंटला ऐकू गेलं पाहिजे."

नव्या इन्चार्ज सिस्टरांनी खाटेच्या पायाकडच्या दांडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घेतला." खाटेवरच्या पोराचं अपेंडिक्स कालच काढलं होतं. काय चाललंय ते त्याला कळलं नाही, पण तो उगाच "थँक्यू" म्हणाला.

पुरुषांच्या सर्जरी वॉर्डातला हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. मोठ्या सिस्टरांनीच तो केला होता. ड्यूटी बदलताना जाणारीनं प्रत्येक खाटेपाशी उभं राहून त्या माणसाचं सगळं सांगायचं आणि येणारीनं दांडीवर हात ठेवून 'घेतला' म्हणायचं. तोवर जाणारीनं पाऊल उचलायचं नाही, मग तिच्या घराला आग लागलेली का असेना. तू बघशील, ती बघेल, असं करता करता माणूस मधल्यामध्ये पडतो, असं त्यांचं म्हणणं. पोरी मागे टिंगल करायच्या. कँटीनमध्ये चहाचा कप पुढे आला की कपाला हात लावून "घेतला!" म्हणायच्या आणि खिदळायच्या. पण वॉर्डात म्हणायच्या मात्र सगळ्या. त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

आजचं देणं नेहमीचं नव्हतं. आज मोठ्या सिस्टर निवृत्त होत होत्या आणि अख्ख्या वॉर्डाचा चार्ज देत होत्या. दुपारपर्यंत आटपायचं काम, पण ते चिंगमासारखं लांबत चाललं होतं. दोन खाटा झाल्या की त्यांना ऑक्सिजनचा नळ आठवायचा. तो बघून आलं की खिडकीचा पडदा वाकडा दिसायचा. कमरेची किल्ली वाजत होती आणि वाजणाऱ्या किल्लीच्या मागे नव्या सिस्टर फिरत होत्या.

"सिस्टर, खरं सांगा," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही थांबताय असं ऐकलं. तसं असेल तर मी उगाच कशाला पायपीट करू?"

"अजून काही ठरलं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि झटका देण्याच्या मशिनचा हिरवा दिवा लागतोय का ते बघायला गेल्या.

सकाळी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. "सिस्टर, वरून वर्षभराची मुदतवाढ आणतो. तुमच्याशिवाय वॉर्डाचं काही खरं नाही. संध्याकाळपर्यंत सांगा." त्या "विचार करून सांगते" म्हणाल्या होत्या, पण पायऱ्या उतरताना मनातल्या मनात हो म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

घरी धाकटी बहीण वाट बघत होती. घरात माणसं तीनच, दोघी बहिणी आणि अंथरुणाला खिळलेली आई. आईचं सगळं धाकटी करायची. तिचा शिवणकामात हात चांगला होता. दूरच्या गावी तिच्या मैत्रिणीनं दुकान काढलं होतं आणि एक मशिन तिच्यासाठी अडवून ठेवलं होतं. 'ताई निवृत्त झाली की येते', असं म्हणत धाकटीनं तिला थांबवून धरलं होतं. आता मैत्रीण म्हणत होती, उद्या सकाळी आलीस तर ये, नाहीतर मी दुसरी बाई बसवते. त्यासाठी आज संध्याकाळी सातची बस गाठायची होती.

बाराच्या सुमाराला धाकटीचा फोन आला होता. "ताई, सहापर्यंत येशील ना? मला तुला आईचं सगळं समजावून सांगायचंय."

"अगं, इकडे साहेब म्हणतायत, अजून वर्षभर..."

आणि फोन विझला. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. वॉर्डाचा फोन टेबलावर हाताशी होता आणि घरचा नंबर पाठ होता. मोठ्या सिस्टरांनी तो फोन उचलला नाही. त्यांनी औषधांची ट्रॉली पुसायला घेतली.

खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. एका सकाळी आईनं त्यांच्याकडे बघून "कोण हो तुम्ही?" असं विचारलं होतं, अगदी नम्रपणे, जसं दारात आलेल्या परक्या बाईला विचारावं तसं. त्या दिवसापासून त्यांच्या ड्यूट्या लांबत गेल्या. आई निजल्यावर घरी जायचं आणि ती नीट जागी व्हायच्या आत निघायचं. सुट्टीच्या दिवशीही वॉर्डात काहीतरी निघायचंच. लोकांच्या पिकलेल्या जखमा ज्या बाईनं नाक न मुरडता धुतल्या, तिला स्वतःच्या आईच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

शेवटची खाट खिडकीजवळची, मास्तरांची. मास्तर जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेले, आता पाय मोडून पडलेले. सगळा वॉर्ड त्यांना वैतागलेला, कारण चहा गार आला तरी ते तक्रार करायचे आणि गरम आला तरी. शिवाय जो जवळ येईल त्याला एखाद्या शब्दाचं कूळ ऐकवायचे. मोठ्या सिस्टर एरवी त्यांना उडवून लावायच्या. आज मात्र स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. तेवढीच दहा मिनिटं जातील.

"मास्तर, सकाळपासून चार्ज चार्ज ऐकून डोकं उठलंय. कुठून आला हो हा शब्द?"

मास्तरांची कळी खुलली. "बसा बसा. पण आधी सांगा, तुम्हाला किती चार्ज माहीत आहेत?"

"पुष्कळ. शिकाऊ होते तेव्हा वॉर्डाचा चार्ज कुणाकडे, ते आधी विचारायचं आणि मगच तोंड उघडायचं. मोर्च्यावर पोलिसांनी चार्ज केला की रात्रभर आम्ही डोकी शिवायचो. आमच्या वॉर्डबॉयला चार्जशीट मिळालं तर त्याची बायको इथे येऊन ढसाढसा रडली. बिलात खाटेचा चार्ज वेगळा, डॉक्टर डोकावून गेले त्याचा वेगळा. आणि ते झटक्याचं मशिन. डॉक्टर 'चार्ज' म्हणून ओरडले की सगळ्यांनी खाटेवरचे हात काढायचे."

"हात काढायचे?" मास्तर हसले. "आणि तुमच्या चार्जाला हात ठेवायचा. मजा आहे."

"मजा काय त्यात? मुद्द्याचं बोला."

"गाडी, सिस्टर. सगळ्याच्या मुळाशी ओझ्याची गाडी आहे. फार जुनी, लॅटिनातली. तिच्यावरून गाडी लादणं हा शब्द आला आणि तो झिजत झिजत चार्ज झाला. मोटारकार त्याच घराण्यातली, जहाजाचा कार्गोसुद्धा. मग जे जे लादतात ते सगळं चार्ज. तोफेत दारू भरली, चार्ज. माणसावर आरोप लादला, चार्ज. बिलात पैसे लादले, चार्ज. बॅटरीत वीज भरली, तीही त्याच गाडीतून आली."

"आणि पोलिसांचं चालून येणं?"

"तो गाडीतून नेमका कुठे उतरला, ते मला नीट सांगता येत नाही," मास्तर जरा हिरमुसले. "काहीजण म्हणतात, हत्यार भरून रोखायचं आणि मग धावायचं, त्यावरून. पण मी शपथेवर सांगणार नाही."

"म्हणजे मी एवढी वर्षं गाडी भरत होते म्हणायची."

"तुम्ही कुठल्या भरताय! भरणारे ते साहेब. तुम्ही बैल." मास्तर जीभ चावून म्हणाले, "रागावू नका हं. कामाचा बैल म्हणतोय."

नव्या सिस्टरांना हसू आवरेना. मोठ्या सिस्टरही हसल्या. "मी हौसेनं ओढली, मास्तर. माझ्या मानेवर कुणी जबरदस्तीनं जू ठेवलं नाही. मी स्वतः म्हटलंय, घेतला."

"ते बरं. म्हटल्यावर ओझं तेवढंच असतं, पण आपलं असतं," मास्तर म्हणाले आणि लगेच कप पुढे केला. "हा चहा बघा. गटाराचं पाणी बरं."

मोठ्या सिस्टरांनी कप घेतला नाही. त्यांना ती सकाळ आठवली. आई न्हाणीघरात पडली ती सकाळ. धाकटी तेव्हा एका दुकानात शिवायला जायची आणि डबा घेऊन दारातच उभी होती. वॉर्डातून बोलावणं आलं होतं. मोठ्या सिस्टरांनी आईला खाटेवर निजवलं, पर्स उचलली आणि धाकटीला म्हणाल्या, "जरा बघ गं आईकडे. आलेच मी."

त्या 'आलेच मी'ला किती वर्षं झाली, ते मोजायची त्यांना हिंमत नव्हती. काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. धाकटीनं डबा ओट्यावर ठेवला तो ठेवलाच. वॉर्डात साधा सलाइनचा स्टँड देताना 'घेतला' वदवून घेणाऱ्या बाईनं घरी अख्खी आई तशीच टाकली होती, आणि धाकटीनं न बोलता ओढली होती. मोठ्या सिस्टरांना स्वतःची लाज वाटली. त्या खाटेची दांडी धरून उठल्या.

"हे मास्तर," त्या भराभर म्हणाल्या. "उजवा पाय. प्लास्टर बोटांपाशी घट्ट होतं, बोटं गार लागली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. चहा कसाही द्या, कुरकुरणारच. दुपारी एकटे पडले की गप्प होतात, तेव्हा एखादा शब्द विचारायचा. घ्या."

नव्या सिस्टरांनी दांडीवर हात ठेवला. "घेतला."

मोठ्या सिस्टरांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "साहेबांना सांगा, चार्ज देऊन गेल्या."

"सिस्टर, निरोपाचा केक..."

"कापा आणि खा. मास्तरांना मोठा तुकडा द्या, गोड आहे म्हणून तक्रार करतील."

बाहेर एक गाडीवाला भेटला, त्यानं दुप्पट भाडं सांगितलं. एरवी त्यांनी त्याची बिनपाण्यानं केली असती. आज त्या न बोलता बसल्या आणि रस्ताभर पुढच्या सीटची कड मुठीत धरून राहिल्या.

घरी बॅग कॉटवर उघडी पडलेली होती. धाकटी तिच्यातले ब्लाउज काढून पुन्हा कपाटात लावत होती. ताईला बघून ती वळलीही नाही.

"कळलं मला," ती म्हणाली. "अजून वर्षभर ना? बरं. मैत्रिणीला फोन करून टाकलाय, म्हटलं बसव दुसरी."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? शिव्या घातल्या. म्हणाली, बस सुटेपर्यंत वाट बघते, मग तुझं तोंड बघणार नाही." धाकटीनं डोळे पुसले. "तू तरी काय करशील म्हणा. तुझा वॉर्ड."

"वॉर्ड दिला मी."

धाकटीच्या हातात निळा ब्लाउज होता. तो घेऊन ती वळली.

"दिला. किल्लीसकट. आता तू दे."

"काय देऊ?"

"आई. इकडे ये, खाटेपाशी."

आईची खाट दवाखान्याच्या लिलावातून आणलेली, लोखंडी, पायाकडे दांडी असलेली. आई जागी होती आणि छताकडे बघत होती. थोरली पायाकडे उभी राहिली. धाकटी उशापाशी आली.

"हे काय ताई, वॉर्डासारखं..."

"वॉर्डासारखंच. तेव्हा मी तुला काही सांगितलं नाही. तू सांग."

धाकटी आधी अडखळत बोलली, मग तिला थांबवता येईना. डाव्या कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही, कण्हत नाही पण कपाळाला आठी पडते. गोळी कुटून साखरेत द्यायची. एकटीला भरवलं तर तोंड मिटते, समोर बसून आपणही खायचं, मग खाते. केस विंचरताना गाणं म्हटलेलं आवडतं, कुठलंही चालतं, बेसूर असलं तरी. टॉवेल कोरडा असला तरी आधी आपल्या गालाला लावून बघायचा, गार लागला तर दचकते. थोरली मान खाली घालून ऐकत होती. यातलं तिला एकही माहीत नव्हतं.

"आणि एक," धाकटी घुटमळली. "राहू दे. ते तुला कशाला..."

"पेशंटचं काही राखून ठेवायचं नाही. बोल."

"दिवे लागायच्या वेळेला अस्वस्थ होते. पांघरूण ओढत बसते. रोज विचारते, 'थोरली आली का गं?' आता तू समोर असशील, तरी विचारेल. 'मीच ती' म्हणून सांगायला जाऊ नकोस. घाबरते. एकदा सांगून बघितलं होतं मी, तुझा फोटो दाखवून. रात्रभर रडली. 'येतेय, वाटेत आहे' एवढंच म्हणायचं. मग निजते."

"रोज?"

"रोज."

खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल घसरली आणि कुणीतरी कुणाला तरी ओरडलं. थोरलीनं दांडीवर हात ठेवला. आईला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "घेतला."

मग धावपळ झाली. ब्लाउज पुन्हा बॅगेत कोंबले गेले, एक चप्पल सापडेना, ती कॉटखाली निघाली. धाकटीनं आईच्या पायाला हात लावला, ताईच्या गळ्यात पडली आणि "तिची साखर संपत आलीय" असं म्हणत रडतच जिना उतरली. खालून तिनं पुन्हा हाक मारली, "टॉवेल विसरू नकोस!"

घर एकदम मोठं झालं. थोरलीनं अंगावरचा पांढरा गणवेश बदलला नाही. फोन चार्जिंगला लावला. साहेबांचा नंबर दिसला, तिनं तो वाजू दिला. मग दिवा लावला आणि खुर्ची घेऊन आईच्या समोर, तिच्या डोळ्यांना दिसेल अशी बसली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिनं आईकडे सरळ बघितलं.

आईची बोटं पांघरुणाच्या काठावरून फिरू लागली. तिनं काठ ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"अहो बाई," ती म्हणाली, "आमची थोरली आली का हो?"

थोरलीनं तिचं बोट हातात घेतलं.

"येतेय," ती म्हणाली. "वाटेत आहे."