व्हर्डामावशीच्या सालीचं औषध

व्हर्डामावशीचा जीव टांगणीला लागला होता. आज चर्चमध्ये तिच्या भाच्याचं, डेल्मरचं, परीक्षेचं प्रवचन. मंडळींनी हात वर केले तर तो इथला पाद्री, नाहीतर बिचाऱ्याचं बोचकं पुन्हा दुसऱ्या डोंगराला. आणि मेल्याला नेमका आजच खोकला. तोंड उघडलं की ढास.

मावशीकडं औषध होतं. काळ्या चेरीची साल, मध, आणि साल बुडेपर्यंत भट्टीची व्हिस्की. या खोऱ्यात दारूला कुणी शिवत नाही; पण औषध ते औषध. डेल्मर मात्र दारूच्या नुसत्या नावानं पेटायचा.

"मावशी, यात काय आहे गं?"

"साल आहे, मध आहे." मावशी खोटं बोलली नाही, फक्त तिथंच थांबली. "चमचाभर घे."

"चमच्यानं काय होतंय?" म्हणत त्यानं पेलाच रिकामा केला. सर्दीनं नाक चोंदलं होतं म्हणून निभावलं.

प्रवचन असं रंगलं की बाकं हलली. दारूला तर डेल्मरनं उभं-आडवं सोललं. मग गाल लाल, डोळ्यांत पाणी, म्हणाला, "थेंबभर दारू नाही, नुसत्या सालीनं माझा खोकला पळाला."

सगळ्यांच्या माना खाली; ही बाटली घरोघरी होती. तेवढ्यात होबार्ट उठला. जन्मभर औषधाचं दुकान चालवलेला, काटेकोर माणूस. बाटलीत काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक. याच्या घरीही दर हिवाळ्यात तिचीच बाटली जायची.

"त्या झाडाची पानं-बिया विषारी," होबार्ट म्हणाला. "साल पूर्वापार देतात खरी, पण खोकल्याच्या माणसांवर नीट चाचणी झाल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि डेल्मर, त्या बाटलीत..."

"मग चाचणी आपण करू," डेल्मरनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "मला नेमा. हिवाळाभर इथंच, रोज. निम्म्यांना मावशीचं औषध, निम्म्यांना मधाचं पाणी, चिठ्ठ्या टाकून. पण ज्याला खोकला आहे त्यालाच हं. तर होबार्टकाका, बाटलीत काय?"

होबार्टनं जरा विचार केला.

"साल," तो म्हणाला, "आणि मध." त्यानं हात वर केला. पाठोपाठ झाडून सगळ्यांनी केले.

मावशीनं डोळे पुसले. भाचा राहिला.

होबार्ट खाली बसला आणि हळूच खोकला. मग त्याची बायको खोकली. मग गाणाऱ्या बायका, मग मागची बाकं, आणि बघता बघता अख्खं चर्च ढासू लागलं.

"अरे देवा," डेल्मर कळवळून म्हणाला, "मावशी, बरणी मोठी घे गं."