आधी तू, मग मी

मोहिनीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, आणि तिला एकच गोष्ट हवी होती: वसतिगृहातली कबड्डीची जागा. अशा जागा मोजून बारा. त्या बाराजणींना राहणं, जेवण, निळी जर्सी आणि स्पर्धेच्या यादीत नाव. बाकीच्या पोरींनी घरून यायचं, त्यांच्यासमोर सरावाला उभं राहायचं आणि एसटीनं परत जायचं. त्यांना सगळे ‘बाहेरच्या’ म्हणत. बाहेरचीनं मेसमध्ये चार घास खाल्ले तरी ती तेरावी मोजली जायची, म्हणून कबड्डीचे सर त्यांना तिकडे फिरकू देत नसत.

सराव संपायच्या वेळेला मेसमधून फोडणीचा वास यायचा. मोहिनी नळाचं पाणी पिऊन ओतूरच्या स्टँडकडे निघायची. जुन्नरला गाडी बदलून डोंगरातल्या गावी पोचेस्तोवर दिवस कलायचा. खिडकीला डोकं टेकून ती दारातूनच पाहिलेली वसतिगृहातली खोली आठवायची. लोखंडी खाट, खिळ्याला टांगलेली जर्सी, आणि डोळे उघडले की समोर मैदान.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत बाराजणींतल्या एकीचं लग्न ठरलं आणि एक जागा सुटली. सरांनी मोहिनीला आणि हर्षालीला बोलावलं. हर्षाली पारगावकडची, उसाच्या गावातली, एक वर्ष मागं; तीही बाहेरचीच.

“दोघी सारख्याच खेळता. तुम्हीच ठरवा, न्हाईतर मी चिठ्ठी टाकतो.”

बाहेर आल्यावर हर्षाली रडवेली झाली. “घरी स्थळं बघायला लागलेत गं. जागा मिळाली तर दोन वर्षं सुटले.”

मोहिनीला यात अवघड काही वाटलंच नाही. तिच्या गावात भाताची लावणी पडकईनं व्हायची. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, करार नाही. ज्याचं रोप आधी तयार, त्याचं आधी. मागच्याचं राहून गेलं असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“मग आधी तू घे,” ती म्हणाली. “दिवाळीपातुर तू. मग मी.”

“चालंल,” हर्षाली डोळे पुसत म्हणाली.

दिवाळी झाली. गोजरबाईनं लेकीचं बोचकं बांधलं, नाचणीचं पीठ वेगळं दिलं. जानकू ओटीवरून हसला, “खाटंवर झोपनार म्हनं आमची पोर! पडशील बरं का खाली.”

“पडले तर पडले, बाबा. खाटंवरनंच पडंन ना!”

सरांनी तिला बोचक्यासकट पाहिलं. “कुठं निघालीस गं?”

“माझा नंबर आला ना, सर. हर्षालीचा झाला.”

सरांना आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा पाहून ते मावळलं. “अगं, ही काय भातलावणी हाय व्हय? दिलेली जागा ती शिकतीय तोवर तिचीच. स्पर्धेची यादी पुण्याला गेली, आता नाव बदलत न्हाई. तिनं जागा सोडली तरी यंदा रिकामीच राहणार. आणि तुझं तर शेवटचं वर्ष.” बोचक्याकडे बघत म्हणाले, “सरावाला ये की. सरावाला कुणाला मनाई न्हाई.”

हर्षाली दाराशीच उभी होती. “मला वाटलं, माझं मन राखायला बोललीस तू. खरंच म्हणत व्हतीस?”

“आमच्यात मन राखायला कुनी असं बोलत न्हाई.”

“मी सोडते जागा. आत्ता जाते सरांकडं.”

“सोडून काय करशील? दोघीबी बाहेर.”

शिट्टी झाली. “बाहेरच्या, पलीकडं!” सर ओरडले. मोहिनीनं बोचकं कट्ट्यावर ठेवलं, ओढणी कमरेला खोचली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली.

हर्षाली चढाईला आली ती अंगात जीव नसल्यासारखी. मोहिनीनं तिचा घोटा सहज धरला. पडल्या पडल्या हर्षाली हुंदके देत होती.

“हे काय खेळणं? माझी जागा वाया घालवतीस व्हय? ऊठ. परत ये.”

हर्षालीनं बाहीला नाक पुसलं, रेघेपाशी गेली, छाती भरून दम घेतला. कबड्डी, कबड्डी... या वेळी पाय नेमके पडत होते. मोहिनी वाकून वाट बघत राहिली. तो दम जवळ जवळ येत होता. तो आपल्या छातीत असावा, पुण्याच्या मैदानावर तो आपण घ्यावा, असं तिला इतकं वाटलं, की हर्षाली तिच्या खांद्याला हात लावून परत गेली, तरी मोहिनीचे हात तसेच पुढे राहिले.