खरबुजाचा आजार

"बघा, बघा हो!" तोरेबेक वैदूने अकरा वर्षांच्या मेरुएर्तचा हात उंच धरला. "पहिल्या दिवशी कडं कोळशासारखं काळं, दुसऱ्या खेपेला राखाडी, आणि आज? दूध! साखरेचा आजार चांदीनं ओढून घेतला. आता लोखंडाची सुई बंद. लोखंड आणि चांदी एका अंगात नांदत नाहीत. टाका बादलीत!"

वैदूच्या अंगणात जमलेल्या दीडशे माणसांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. वैदूने पेटवलेल्या हरमलीच्या, त्या उग्र वासाच्या झुडपाच्या, धुराने सगळ्यांचे डोळे पाणावले होते. मुलीची आजी, कुलियाश आपा, पिशवीतून इन्सुलिनच्या बाटल्या काढू लागली.

माझ्या आईच्या बाटल्याही याच बादलीत गेल्या होत्या. आठव्या दिवशी तिची शुद्ध हरपली, दहाव्या दिवशी ती गेली.

वैदूची ही चांदीची कडी माझ्या बाबांनी घडवलेली होती. आमच्या घरात सहा पिढ्या चांदीचे काम चालते, आणि ओर्माम्बेत उस्ताच्या, म्हणजे कारागीर बाबांच्या, चांदीत भेसळ नसते हे सगळा गाव जाणतो. आम्ही चाळीस दिवसांच्या बाळाला न्हाऊ घालतो ते चांदी टाकलेल्या पाण्याने. चांदीला अंगातले कळते, हे आम्हाला तेव्हापासूनच ठाऊक असते.

आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, तिचे कपडे नात्यात वाटायचे होते. मावशीसाठी एका झग्यात मी आईची चांदीची कर्णफुले गुंडाळून ठेवली. दोन दिवसांनी उघडले तर एक फूल काळे पडलेले. ते बाहीवरच्या तेलकट डागाला टेकले होते, आणि तो डाग कडे घालण्याआधी वैदू हाताला चोळतो त्या मलमाचा होता. झग्यात अंग नव्हते, आजारही नव्हता. मग चांदीने ओढून घेतले काय?

मी बाही नाकाशी नेली. हरमलीचा धूर नसताना तो वास लगेच कळला. बाबांच्या कारखान्याचा वास. कोरीव रेघा उठून दिसाव्यात म्हणून बाबा त्या गंधकाने काळ्या करतात.

मी बाही बाबांपुढे धरली. त्यांनी ती हुंगली आणि खाली ठेवली. आज ते माझ्याबरोबर आले.

"आपा, थांबा जरा," मी म्हटले.

"ये, झानिल," वैदू मधाळ आवाजात म्हणाला. "आई गेलीय पोरीची. बोल, रड, मन मोकळं कर."

"रडायचं घरी. मला मलम हवंय. नव्या रोग्याला लावता ते, लाल झाकणाचं."

"मंतरलेलं आहे. बाईमाणसाचा हात चालत नाही."

"मग माझा चालेल," बाबा म्हणाले आणि त्यांनी डबा उचलला.

मी पिशवीतून खरबूज काढले. बाबांनी त्यावर मलम चोळले, वर कडे दाबून धरले.

"खरबूजबाईंना काय होतंय?" कोणीतरी विचारले.

"पोट सुटलंय!"

हशा पिकला. तो विरायच्या आत कडे पिवळे झाले, मग तपकिरी, मग काळे.

"खरबुजात साखर असतेच की!" मागून एक आवाज आला.

गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला. वैदूने तो बरोबर टिपला. "ऐकलंत? चांदीला फळातली साखरसुद्धा कळते!"

युक्ती कशी उघडी पाडायची हे मी ठरवून आले होते. माणसांना ती झाकूनच हवी असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

बाबांनी मग पायरीच्या तापलेल्या दगडावर एका बाजूला लाल झाकणाचे मलम फासले, दुसऱ्या बाजूला वैदू तिसऱ्या खेपेला लावतो ते, निळ्या झाकणाचे. दोन्हींवर एकेक कडे ठेवले. लाल बाजूचे काळे झाले. निळ्या बाजूचे पांढरेच राहिले.

"अर्धा दगड आजारी आणि अर्धा बरा. हो ना, तोरेबेक?" बाबा म्हणाले. "लालमध्ये गंधक आहे, निळ्यात नुसती चरबी. मधल्या खेपेला गंधक थोडं. एवढंच आहे ते."

वैदू बरेच बोलला. दगडाला नजर लागते असेही म्हणाला. पण कुलियाश आपाचे तिकडे लक्ष नव्हते.

"उस्ता, तुम्ही चाळीस वर्षं गंधक वापरता. तुमच्या बायकोच्या, झिबागुलच्या कड्यावरचा काळा रंग तुम्हाला ओळखू आला नाही?"

"आला," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी. पण ती हसत होती, आपा. सुई सुटणार म्हणून हसत होती. मी मनाला म्हटलं, हा काळा वेगळा असेल."

हे मला ठाऊक नव्हते.

आपाने बाटल्या पुन्हा पिशवीत घातल्या आणि नातीचा हात धरला. तिच्या मागोमाग निम्मे लोक निघाले. उरलेले रांगेतच उभे राहिले.

चांदीला आजार कळत नाही. रक्तातली साखर रक्त तपासूनच कळते, आणि इन्सुलिन कमी करायचे की नाही हे आधी डॉक्टरला विचारा. ही विनंती सगळ्यांना आहे. पण ज्यांना आतून ठाऊक आहे आणि जे समोरचे माणूस हसते आहे म्हणून गप्प आहेत, त्यांना आणखी एक विनंती. शंका आली त्याच दिवशी बोला. ते हसू गेले तरी चालेल.