डॉटची बस

डॉट दिसण्याआधी तिची धूळ दिसायची. कापणी झालेल्या गव्हाच्या करड्या सपाटीवर, उन्हाला धार यायच्या आत, क्षितिजापाशी एक तांबूस रेघ उठायची, फुगत जायची आणि तिच्या पोटातून शाळेची बस बाहेर पडायची. समोरून कोणी आलं की स्टिअरिंगवरचं डॉटचं एक बोट वर व्हायचं. हाच त्या परमुलखातल्या गावचा नमस्कार. पुढेपुढे ते बोट सवयीनं रिकाम्या रस्त्यालाच उठू लागलं.

आगगाडी थांबायची तेव्हा तिथे बँक होती, बेकरी होती, नाचाचा हॉल होता. गाडी थांबेनाशी झाली, शेतं मोठी होत गेली, घरं विझत गेली. मग सरकारने धान्याच्या कोठारावर शेतकऱ्यांची उत्तुंग चित्रं रंगवून घेतली. मंत्र्यांचं भाषण गावापेक्षा लांब झालं. रंगवलेले शेतकरी स्थलांतर करत नाहीत, एवढी सोय मात्र झाली.

उरली होती शाळा, तीही मुलं जेमतेम पुरत होती म्हणून. आमची लेक इरा गेली की बस बंद, आणि बस बंद की शाळा; हे डॉट जाणून होती. शहराबाहेर राहण्याच्या अटीवरच आम्हाला व्हिसा मिळाला होता, हेही. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हाती आल्याचं आणि शहरात स्कोफिल्ड्सला घर पाहून आल्याचं मात्र आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं.

एका सकाळी बसचं दार उघडून डॉटने इराला आत घेतलं, पण नजर अंगणात अडकली. भिंतीलगतचा कढीपत्ता मी उपटून कुंडीत लावला होता. खड्डा उघडाच होता.

"झाड आजारी आहे?"

"नाही."

इंजिन धडधडत राहिलं.

"म्हणजे तुम्ही निघालात. कधी?"

"टर्म संपली की."

"डॉट, वी'ल बी लेट!" इरा आतून ओरडली.

"लेटच होऊ दे, लव्ह. कधी नव्हे ते."

त्यानंतर बस रोज उशिरा येऊ लागली. डॉट ती इतकी हळू चालवायची, जणू टर्म रस्त्यातच अडवून ठेवता आली असती.

आम्ही निघून आल्यावर शाळा बंद झाल्याचं तिनेच फोनवर कळवलं. "लांबलचक सुट्टी लागली, मेट," एवढंच म्हणाली. इथे स्कोफिल्ड्सला शाळेच्या मैदानावर वर्ग वाढताहेत. इरा एखाद्या दिवशी गेली नाही, तर कोणाचंच काही थांबत नाही. आपल्या नसण्याला वजन यायचं तर गावही तेवढंच लहान असावं लागतं. आणि काळ अशा गावांना फार दिवस लहानही राहू देत नाही; पुसूनच टाकतो.