जाइनाबासाठी राखलेले कालव

मी एक जुने कालव आहे, मित्रांनो. जुने होणे आमच्या जातीत फारसे कुणाच्या नशिबी नसते. जरा अंग धरले की कोयतीखाली यायचे, हाच आमचा रिवाज. मी मात्र तळहाताहून मोठी झाले, कारण अरामाताने मला राखले.

गांबिया नदीच्या तोंडाशी एक खाडी आहे. तिथल्या तिवराच्या मुळाला मी लहानपणी चिकटले आणि तिथलीच झाले. आमचे काम एकच. पाणी आत घ्यायचे, त्यातले लागेल ते ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. कालवांमुळे खाडी नितळ राहते असे बायका कौतुकाने म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

अरामाता ही कालवे काढणारी, जोला जमातीची बाई. ओहोटी लागली की ती आपली लेक जाइनाबा हिला घेऊन होडीतून येई. बाकीची कालवे ती भराभर काढी, पण माझ्यापाशी आली की कोयती उलटी धरी.

"ह्या म्हातारीला हात लावायचा नाही," ती लेकीला बजावी. "तुझे दिवस भरत आले की हिचं सार तुला पाजायचं. सगळ्यात जुनं कालव पोटुशीला दिलं की मूल घट्ट धरून राहतं."

जाइनाबाची आधीची दोन्ही मुले नाव ठेवण्याआधीच गेली होती. ती माझ्याकडे ज्या आशेने बघे, ती बघून मीही मन लावून वाढत होते.

तिचा नवरा मालांग खाडीच्या वरच्या अंगाला मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडतो. त्यातले शिसे वितळवून तो मासेमारीच्या जाळ्यांना बांधायच्या गोळ्या ओततो आणि फोडलेली खोकी खाडीतच धुतो. माणूस वाईट नाही. या खेपेला बाळंतपण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात करायचे, म्हणून तो राब राब राबू लागला. तेव्हापासून पाण्याची चव बदलली. बाकीचा गाळ मला सोडून देता येई, शिसे मात्र जाईना. जितकी जास्त जगले, तितके ते माझ्या अंगात साठत गेले.

एके दिवशी मासेमारी खात्यातली दिबोर नावाची मुलगी आली. तिने इथली काही कालवे तपासायला नेली होती. दिबोर सेरेर जमातीची होती. जोला आणि सेरेर यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचे. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचे, खादाड म्हणायचे आणि कितीही टोचले तरी रागवायचे नाही. ही रीत गोड आहे, तिने कितीतरी भांडणे मिटवली आहेत.

"मावशी, ही कालवं खाऊ नका," दिबोर म्हणाली. "शिसं निघालंय यात."

"ऐकलंस, जाइनाबा? सेरेरणीला भूक लागली. आपण सोडायची आणि टोपली हिच्या घरी जायची."

"मला नको तुमची टोपली. खरंच सांगतेय. पोटातल्या बाळाला फार वाईट असतं ते."

"आम्ही चांगलं खळखळून उकळतो, बाई. काय असेल ते मरतं."

"शिसं जिवंत कुठं असतं मरायला? उकळा नाहीतर भाजा, ते तिथंच राहतं."

"घ्या. आमच्या गुलामाला शाळेत घातलं, तर आता आम्हालाच चूल शिकवायला आली."

कालवे काढायला आलेल्या बायका सगळ्या हसल्या आणि सवयीने दिबोरलाही हसू आले. तिथेच घात झाला. मग तिचे डोळे भरून आले, तर अरामाता पोट धरून हसू लागली. "नाटकं करण्यात सेरेरांचा हात कोण धरणार?"

जाइनाबा तेवढी हसली नाही. "आई, खरं असेल तर?"

"सेरेरचं खरं मानायला लागलीस, तर जोला कसली तू?"

त्या दिवशी मला वाचा असती तर, असे फार वाटले. दिबोर आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा बायकांनी तिला बघूनच हसायला सुरुवात केली. पुढे ती आली नाही.

जाइनाबाला नववा लागला आणि अरामाताने मला मुळावरून हलक्या हाताने सोडवले. घरी जाइनाबा कालवे निवडायला बसली. तोंड मिटलेले ते ताजे, उघडे ते मेलेले, ते फेकून द्यायचे. हे कळल्यावर माझ्या जिवात जीव आला. मी तोंड उघडे टाकले. आत जपलेले पाणी वाहून गेले तरी तशीच पडून राहिले.

जाइनाबाने मला उचलले आणि तिचा चेहरा उतरला. "आई, म्हातारी गेली वाटतं."

"वाजवून बघ."

तिने सुरीच्या मुठीने माझ्यावर टकटक केले आणि मी मिटले. मित्रांनो, मला मिटायचे नव्हते. पण धक्का लागला की मिटायचे, एवढेच आमच्या अंगाला ठाऊक असते. जाइनाबाने मला छातीशी धरले. पहिल्यांदाच ती इतकी आनंदात दिसली.

आता मी अंगणात रिकामा शिंपला होऊन पडले आहे. मित्रांनो, पाण्यात काही टाकाल तर ते कुणाच्या तरी अंगात जाऊन बसते. आणि कुणी सावध करायला आले, तर ते कोण आहे हे बघून हसू नका. हे आता सांगून काय उपयोग, ते मलाही कळते. त्या दिवशी माझे सार झाले, तेव्हा दारात मालांग समाधानाने बघत उभा होता. जाइनाबाने वाडगा बोटाने पुसून चाटला आणि आईपुढे धरला.

"अजून आहे का ग?"