वहाळ नावाचं खाचर

मी जिओफोन बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी आहे मुठीएवढा डबा. खाली खिळा, पोटात चुंबक आणि तारेचं वेटोळं. लांब कुणी जमिनीवर घण मारला, की तो हादरा किती वेळात पोचला ते मी तारेवाटे यंत्राला कळवतो. खडकातून हादरा धावत येतो, वाळूतून रेंगाळत. एवढंच माझं शिक्षण.

त्र्याहत्तर साली केसरीनाथ साहेबांबरोबर आम्ही बारा भावंडं भिवंडीजवळच्या राहनाळला गेलो. गावच्या विहिरींना खाडीचं खारं पाणी. जमिनीखाली एखादी जुनी नदी गाडली गेली असेल, तर तिच्या वाळूत गोडं पाणी मिळेल, असा साहेबांचा होरा. गावातला नवशा आम्हाला रोवायचा. काम मात्र शुक्रवारीच, कारण त्या दिवशी भिवंडीचे यंत्रमाग बंद. एरवी त्या थरथरीत घणाला कोण विचारतो! काय सुखाचे शुक्रवार होते ते.

दोन ठिकाणी वाळूचे अरुंद पट्टे लागले, पण एकमेकांशी जुळेनात. शेवटच्या शुक्रवारी साहेबांनी नवशाला वहाळाजवळ आमची रांग लावायला सांगितली, म्हणजे ओढ्याकाठी. नवशानं आम्हाला रोवलं ठकुबाईच्या भातखाचरात. कारण त्या खाचराचं नावच वहाळ! वाहत तर तिथे टिपूसही नव्हता. साहेब तापले. पण दुसऱ्या दिवशी माग सुरू होणार, गाडीही परत जाणार. नाइलाजानं म्हणाले, मार घण.

घण पडला. मी वाट पाहतोय, पाहतोय, आणि हादरा आला तो अगदी सावकाश. साहेबांनी कागदावर रेघा जुळवल्या आणि रागच विसरले. दोन्ही पट्टे इथे येऊन मिळत होते. नदीचं जुनं पात्र, खाडीकडे जाताना फाटे फुटलेलं.

पाणी गोडं की खारं, हे मात्र मला कळत नाही. ठकुबाईचं ते एकच खाचर. सून काशी सात महिन्यांची पोटुशी, तरी मैलभरावरून हंडे आणायची. साहेबांनी म्हातारीला विचारलं, विहीर इथेच खणायची का?

"खना," ठकुबाई म्हणाली. "खारं लागलं तर भात बी गेला नि पानी बी न्हाय. पन सासू माजी वहाळ म्हनायची. ती उगा बोलनारी न्हवती."

विहीर खणायच्या आधीच आमची गाडी निघाली. चार महिन्यांनी नवशा ऑफिसात बाटलीभर पाणी घेऊन आला. साहेबांनी घोट घेतला आणि डोळे पुसले. पहिल्या घागरीनं काशीच्या लेकीला न्हाऊ घातलं, असं नवशा सांगत होता. मला फार फार बरं वाटलं.

आता एकोणनव्वद साल. माझा खिळा वाकलाय, मी कपाटात पडून आहे. भंगारात टाकणारच असाल तर टाका. पण त्याआधी एकदा मला त्या विहिरीच्या काठाशी रोवा. घण नको. आयुष्यभर घावच ऐकले. ती पोर घागर बुडवते तेव्हा कसं वाटतं, तेवढं ऐकू द्या.