निळी चौकट

छापलेल्या नावाभोवती चारी बाजूंनी बारीक काळी रेघ असली की तो माणूस गेला, हे तैवानातल्या ताइनानमध्ये कुणाला शिकवावं लागत नसे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी असो, देवळाच्या देणगीदारांची असो की एखाद्या मंडळाचं पत्रक, वाचणारा त्या चौकटीपाशी क्षणभर थांबायचा आणि मग पुढच्या नावावर जायचा. बीलिएननं आपल्या वडिलांचं नाव प्रथम चौकटीत पाहिलं तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून कुठलीही यादी हातात आली की तिची नजर आधी चौकटी शोधायची.

तिचं काम तेव्हा लोकांना समजावून सांगणं कठीण होतं. आई शेजारणींना सांगायची, "प्रदर्शनांच्या पाट्या रंगवते." बीलिएन ओसाकाला एका स्टुडिओत राबून आली होती. माणसासारखा प्रदर्शनालाही स्वतःचा चेहरा असतो, आणि आमंत्रणपत्रिकेपासून जिन्यातल्या बाणापर्यंत तोच चेहरा दिसला पाहिजे, हे ती तिथं शिकली. परत आल्यावर तिनं समुद्रदेवीच्या देवळामागच्या गल्लीत एक खोली घेतली. खिडकीशी टेबल, त्यावर डिंकाची बाटली, कातऱ्या, रेघा ओढायचं पेन. खिडकीतून देवळातल्या उदबत्त्यांचा धूर आत यायचा आणि पांढऱ्या कागदांना त्याचा वास लागायचा. त्या वासाचे कागद आता कुठं मिळत नाहीत.

दक्षिणवारा मंडळाच्या प्रदर्शनाचं काम तिच्याकडे आलं ते खो मास्तरांमुळे. खो मास्तर मंडळातले सर्वांत वडील चित्रकार. वीसेक वर्षांत मंडळाचं प्रदर्शन झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते कुणी विचारायचं नसे. लष्करी कायदा अजून उठायचा होता. लोक जेवतानासुद्धा आधी दार लावून घेत.

"आमची तरुणपणीची चित्रं बघ आणि ठरव," मास्तर म्हणाले होते.

तिनं पाहिली. त्यातली तीन चित्रं सो चिन-हाई या चित्रकाराची होती. वीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी दोन माणसं त्याच्या घरी आली, "जरा बोलायचं आहे" म्हणाली, आणि तो पायात घरातल्या चपला घालून त्यांच्याबरोबर गेला. तो परत आला नाही आणि त्याच्याबद्दल कागदाचा कपटाही आला नाही. त्याची बायको, सो काकू, किनाऱ्याकडच्या मिठागरांतली. तिनं ती तीन चित्रं कपाटामागे भिंतीकडे तोंड करून जपली होती. तिन्ही चित्रांत मिठागर होतं: पांढरे चौकोनी वाफे, आणि प्रत्येक वाफ्याच्या बांधाला एका कोपऱ्यात समुद्राचं पाणी आत घ्यायला ठेवलेली फट.

बीलिएनला चेहरा सापडला तो तिथंच. एका कोपऱ्यात उघडा असलेला चौकोन. तोच पत्रिकेवर, तोच कॅटलॉगच्या पुठ्ठ्यावर, तोच दारावरच्या लांब कापडी फलकावर. रंग दोनच, मिठाचा पांढरा आणि भरतीच्या पाण्याचा करडा. पोस्टरवर वर चौकोन आणि खाली मंडळातल्या सगळ्यांची नावं, एका मापाच्या अक्षरांत.

चित्रं देताना सो काकूंनी अट घातली होती तीही तीच. "ह्यांचं नाव इतरांसारखंच असू दे. मोठं नको, लहान नको. आणि एवढ्यात गेलेल्या माणसापुढे उदबत्ती लावल्यासारखं काही करू नका."

पोस्टरचं प्रूफ नेहमीप्रमाणे वरच्या सरकारी कार्यालयात मंजुरीला गेलं. आठवडे लागायचे. हे मात्र लगेच परत आलं.

छापखान्याचा मालक आ-पेंग ते स्वतः घेऊन आला. एरवी बडबड्या माणूस, पण आज त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि दाराकडे सरकला.

"काय म्हणतात?" बीलिएननं विचारलं.

"दुरुस्ती करून छापा म्हणतात. आणि छापील प्रतीबरोबर हे प्रूफ परत द्यायचंय." तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी ते पाहिलेलं नाही. कुणी विचारलं तर मी पाकीट उघडलंच नाही."

तिनं उघडलं. चौकोनाला हरकत नव्हती, रंगाला नव्हती, चित्रांनाही नव्हती. फक्त एका नावाभोवती कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं, पट्टी लावून, चारही कोपरे नीट जुळवून चौकट काढली होती. सो चिन-हाई.

शाळामास्तर निबंधातली चूक दुरुस्त करतो तशी ती चौकट होती. कुणाला दुखवायचं म्हणून नाही की कळवायचं म्हणूनही नाही. काढणाऱ्याला माहीत होतं, यादीत चूक दिसली, हाताला सवय होती, हात फिरला. वीस वर्षं ज्यांनी एक शब्द बाहेर पडू दिला नाही, त्यांच्यातल्याच एकानं नीटनेटकेपणापायी ते सांगून टाकलं होतं.

समोरच्या नूडल्सच्या दुकानात एक माणूस बसला होता. त्याचा वाडगा केव्हाच रिकामा झाला होता. बीलिएननं खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी खो मास्तरांच्या मागच्या अंगणात चित्रकार जमले. मास्तरीणबाईंनी पेरू कापून ठेवले होते. कुणी हात लावला नाही. प्रूफ एकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

"चौकट घातली नाही तर?" चुआ मास्तरांनी विचारलं. हे मंडळातले विनोदी गृहस्थ.

"तर परवानगी नाही," बीलिएन म्हणाली.

"आणि घातली तर सो वहिनीला भिंतीवरच्या पोस्टरवरून कळणार, की ती विधवा आहे."

"तिला कळता कामा नये," खो मास्तर म्हणाले. "आशा आहे तिला. तेवढ्यावरच उभी आहे ती."

बीलिएन रात्रभर याच विचारात होती. ती म्हणाली, "एक करता येईल. सगळ्यांच्याच नावांना चौकट घालू. मिठागराचे वाफे म्हणून. कार्यालयाला हवी ती चौकट मिळेल, आणि काकूंना वाटेल की ही प्रदर्शनाची नक्षी आहे."

अंगणात एकदम गलका झाला.

"जिवंतपणी? स्वतःच्या हातानं?" एकजण उठूनच उभा राहिला. "माझ्या सुनेला दिवस गेलेत, मास्तर! घरात असला अपशकुन नको."

"अरे, माझी बायको रोजच मला चौकटीत घालते," चुआ मास्तर म्हणाले. "आता छापून येईल एवढंच." पण त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही.

खो मास्तर पेरूच्या ताटलीकडे बघत होते. "चिन-हाईला नेलं तेव्हा आपण काय केलं? तो आत गेला आणि आपण बाहेर उभे राहून बघत बसलो. पुन्हा तेच करायचं का?" त्यांनी प्रूफ बीलिएनच्या हातात दिलं. "माझं नाव पहिलं घाल, पोरी."

मग एकेकानं मान हलवली. सुनेचं बोललेल्यानं सर्वांत शेवटी.

चौकटी बीलिएननं स्वतः ओढल्या. पत्रिकेवरच्या चौकोनासारखी इथंही कोपऱ्यात फट ठेवावी असं तिच्या फार मनात आलं. पण अर्धवट चौकट कार्यालयानं परत पाठवली असती. तिनं प्रत्येक चौकट बंद केली. शेवटचा कोपरा मिटवताना पेन अडखळलं आणि शाईचा बारीक थेंब पडला. तो तिनं पांढऱ्या रंगानं झाकला. निळं प्रूफ खणात, कागदांच्या सगळ्यात तळाशी ठेवलं.

पोस्टरं भिंतींवर लागली. मंडईपाशी लोक थबकायचे, नावं वाचायचे आणि वाचताना त्यांचे ओठ मिटायचे. "सगळे गेले?" असं एका भाजीवालीनं विचारल्याचं आ-पेंगनं सांगितलं.

त्याच आठवड्यात सो काकू जिना चढून आल्या. अंगावर धुवट निळा सदरा, हातात भिंतीवरून सोलून काढलेलं पोस्टर. खळ अजून ओलीच होती.

"बस, चहा नको," त्या म्हणाल्या. "हे काय आहे?"

"मिठाचे वाफे, काकू. सो मास्तरांच्याच चित्रांतले."

"छान आहेत." त्यांनी पोस्टर टेबलावर पसरलं आणि शेजारी पर्समधून आमंत्रणपत्रिका काढून ठेवली. "पत्रिकेवरच्या वाफ्याला तू फट ठेवलीस. ह्यांच्या चित्रातली फट तू बघितलीस, हे बघून मला किती बरं वाटलं होतं. मग नावांच्या वाफ्यांना का नाही ठेवलीस?"

बीलिएननं रेघा ओढायच्या पेनाचं झाकण लावलं.

"इतकी नेमकी मुलगी तू. विसरणारी नाहीस." काकूंनी एकेका नावावर बोट फिरवलं आणि नवऱ्याच्या नावावर थांबल्या. "ह्यांना एकट्याला दिसू नये म्हणून सगळ्यांना आत बसवलंस. कुणी सांगितलं तुला?"

"काकू, तुमची आशा..."

"कसली आशा ग?" काकूंचा आवाज चढला नाही. "सातव्या महिन्यात गल्लीत सगळे उपाशी भुतांसाठी ताटं मांडतात. मीही मांडते. वर एक वाडगा जास्तीचा ठेवते आणि दर वर्षी मला वाटतं, हे जिवंत असले तर मी घासाघासानं मारतेय यांना. मग एखाद्या वर्षी नाही ठेवत. त्या वर्षी रात्रभर वाटतं, गेले असले तर आपल्या दारातून उपाशी गेले. नावाची पाटी नाही, तिथी नाही. वीस वर्षं मी हा वाडगा हातात धरून उभी आहे. आणि तुम्ही सगळे मला आशा लावता!"

बीलिएननं खण उघडला. प्रूफ काढताना तिला ठाऊक होतं की हा कागद कार्यालयाचा आहे, दाखवायला मनाई आहे, आणि समोरच्या दुकानात तो माणूस आजही बसलाय. तिनं तो काकूंपुढे ठेवला.

काकूंनी निळ्या रेघेवरून, चारी बाजूंनी, बोट फिरवलं.

"पट्टी लावून काढलीय," त्या म्हणाल्या. "ज्यानं काढलीय त्याला माहीत आहे. चल."

"कुठं?"

"परत द्यायचंय ना हे? मग देऊ या परत."

कार्यालयातले साहेब गोल चष्म्याचे, मऊ आवाजाचे होते. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं. चहासुद्धा मागवला. मेजावर सगळं सरळ रेषेत होतं: टाक, शिक्का, खोडरबर, आणि टोक काढलेली निळी पेन्सिल. प्रूफ पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे ह्यांच्याकडे कसं?"

"मी दाखवलं," बीलिएन म्हणाली.

"दाखवायचं नसतं, बाई."

"परत द्यायलाच आणलंय," सो काकू म्हणाल्या. "मला फक्त तिथी सांगा. कुठल्या दिवशी ते."

"कुठल्या दिवशी काय?"

काकूंनी चौकटीवर बोट ठेवलं. साहेबांनी तिकडे पाहिलं. आपलं स्वतःचंच काम माणूस पहिल्यांदा बघतो तसं.

"कारकुनाची चूक असेल," ते म्हणाले. "आमच्याकडे अशी काही माहिती नसते."

"असं होय? मग बरंच झालं की." काकूंनी मेजावरचं खोडरबर उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "चूक आहे ना? मग खोडा. माझ्यासमोर खोडा. मी घरी जाते, त्यांची अंथरुणं उन्हात घालते. तुमच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

छताचा पंखा फिरत होता. प्रूफचा एक कोपरा उचलला जाऊन पुन्हा खाली पडत होता. साहेबांनी खोडरबर हातात घेतलं, कागदाच्या जवळ नेलं. बीलिएनला त्यांच्या नखांखालची निळी भुकटी दिसली. त्यांचा हात तिथंच राहिला. मग त्यांनी खोडरबर जिथून उचललं होतं तिथं, त्याच रेषेत ठेवून दिलं.

काकू उठल्या. सदरा नीट केला.

"आज काय आहे ग?" त्यांनी बीलिएनला विचारलं.

"सहाव्या महिन्याचा शेवटचा दिवस."

"म्हणजे उद्या सातवा लागणार, मेलेल्यांची पलीकडची दारं उघडणार. वेळेत झालं." त्या साहेबांना किंचित वाकून नमस्कार करून म्हणाल्या, "तर मग आजचीच तिथी धरते. उद्या गरम भात ठेवीन. त्यांना मुळ्याचं लोणचं आवडायचं."

आणि त्या निघाल्या. जिन्यावरून त्यांची पावलं ऐकू येऊ लागली. सावकाश, एका लयीत, खूप दिवसांनी ओझं उतरवलेल्या माणसाची.

बीलिएन त्यांच्यामागे वळली.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. आवाज मघासारखाच मऊ होता. "ही चौकोनाची कल्पना तुमचीच ना? फार सुंदर आहे. आपलं पूर्ण नाव?"

तिनं सांगितलं. त्यांनी निळी पेन्सिल उचलली आणि प्रूफच्या समासात, सुरेख अक्षरात तिचं नाव लिहिलं. लिहून झालं. खाली काकूंची पावलं थांबली होती. त्या तिची वाट बघत होत्या.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "प्रदर्शनाला मी येईन."

पण त्यांनी डाव्या हातानं पट्टी जवळ ओढली होती, आणि पेन्सिलीचं टोक अजून कागदावरच होतं, तिच्या नावाच्या शेवटच्या रेघेशी.